वारा उलटा आहे

केसपेपरसाठी वय विचारलं तर म्हणाल्या,
"मी जन्मली तेव्हा घरात चार माग होते, तेवढं लिहून घ्या."
खिडकीतल्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं.
मी बहात्तर सांगितलं.
नाव गोपिकाबाई निखारे, राहणार पाचपावली.

दोन वर्षं आम्ही मोतीबिंदू पिकायची वाट पाहिली,
काटोलकडचे लोक संत्र्याची पाहतात तशी.
डॉक्टरीण हसली. कोणी सांगितलं तुम्हाला?
कोणी म्हणजे, सगळ्यांनीच.

त्या दोन वर्षांत आमचं घर
मी त्यांना तोंडी सांगत आले.
दोन पायऱ्या. आता उंबरठा.
दूध उतू नाही गेलं, बाई, नुसतं वर आलंय.
आणि रोज सकाळी ओट्यावर बसून त्या विचारायच्या,
"निंबाले फुलोरा आला का वं?"
आला, बाई.
"वास नाही येत."
वारा उलटा आहे.

निंब मागच्या दिवाळीनंतरच तोडला होता.
सिमेंटचा रस्ता आला, त्याच्या रुंदीत तो बसला नाही.
त्या आठवड्यात त्या भंडाऱ्याला, लेकीकडे.
परत आल्यावर एकदा "आहे" म्हटलं,
मग रोज म्हणावं लागलं.
चैत्रात फुलोरा, जेठात निंबोळ्या.
मी ते झाड महिन्यांप्रमाणे चालवलं.
एकदा तर त्याच्यावर पोपटही बसवले.

पहिल्या खेपेला बीपी वाढलं म्हणून परत पाठवलं.
दुसऱ्या खेपेला त्यांचं बरोबर निघालं.
माझं कोणी मोजलं नाही.
बाकावर सहा म्हातारी माणसं, हिरव्या गाऊनात,
प्रत्येकाच्या एकेका भुवईवर स्केचपेनची खूण.
तोडायच्या आधी झाडांवर अशाच खुणा करून गेले होते.
मी नजर वळवली.
त्यांनी माझं कोपर चाचपलं,
दोन वर्षं त्यांची बोटं असतात तिथेच.
"तू काऊन कापून राहिली वं? डोया माहा हाय."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.
आधी त्यांनी स्वतःचे हात पाहिले, उलटसुलट.
मग मला. बराच वेळ.
"हे कायचं?"
मनगटावरचा चट्टा. तेल उडालं होतं, जुनं आहे.
"मले सांगतलं नाही."
तुम्हाला दिसत नव्हतं.
"सांगतलं नाही," पुन्हा म्हणाल्या.

ऑटोत काळा चष्मा लावून
दुकानांच्या पाट्या वाचत आल्या, चौथीतल्या पोरीसारख्या.
"ता-जे-प-नी-र. इतकं कधीपासून खायले लागले लोकं?"
मी वळणं मोजत होते.
कमाल चौक. पुढची गल्ली. मग आमची.
मग तो पांढरा, झगझगीत, रिकामा रस्ता.

उतरल्या. उभ्या राहिल्या.
निंबाच्या जागी कोणाची तरी स्कूटी होती,
सीटवर मांजर.
बाई, मी...

"माहीत हाय."
चष्मा नाकावर सावरला.
"दिवाळीपासून पाठीवर ऊन पडून राह्यलं.
डोये गेले होते माहे, पाठ नोती गेली."
मग रोज विचारायच्या कशाला?
"तू चांगलं सांगे."

आता दिवसातून सहा वेळा थेंब.
मोबाइलवर गजर लावलाय.
काल गजर वाजला, मी बाटली घेऊन ओट्यावर गेले
तर त्या नव्हत्या.
चप्पल नव्हती. पिशवी नव्हती.
चौकापर्यंत धावले.
मेथीवाल्याशी भांडत होत्या,
जुडी उन्हात धरून, एकेक पिवळं पान त्याला दाखवत.
तो म्हणत होता, आजी, एवढं कोण पाहते?
मी पानठेल्याच्या आडच थांबले.
माझं कोपर अंगापासून थोडं वेगळं,
कोणी धरावं तसं,
उगाच.

थेंबाला पंधरा मिनिटं उशीर झाला.